कान तुटलेला कप

आईच्या वहीतलं केकचं पान शोधावं लागत नाही. वही दोन्ही तळहातांवर धरून सैल सोडली की ती आपोआप तिथेच उघडते. त्या जागी शिवण ढिली झाली आहे आणि पानाच्या उजव्या बाजूला लोण्याचा एक जुना डाग आहे, लहान मुलाच्या तळव्याएवढा. कागदाच्या तंतूंमध्ये हवा अडकलेली असते, तिच्यामुळे उजेड विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. त्या फटींमध्ये लोणी मुरलं की उजेडाला आरपार वाट मिळते. म्हणून त्या डागातून मागच्या पानावरची अक्षरं दिसतात, उलटी. मागच्या पानावर आईने घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस लिहून ठेवलेत. त्यामुळे साखर आणि अंडी यांच्या मधोमध माझी जन्मतारीख आरशात लिहिल्यासारखी उमटली आहे.

‘आपला केक’ एवढंच त्या कृतीचं नाव. खाली मोजून आठ ओळी: मैदा १।। कप. साखर १ कप सपाट. लोणी ।।। कप. अंडी ३. बेकिंग पावडर १।। चमचा सपाट. व्हॅनिला झाकणभर. दूध लागेल तसे. वास आला की बघणे.

किती अंशांवर, किती मिनिटं, काही नाही. कप कोणता, चमचा कोणता, झाकण कशाचं, तेही नाही. ती कृती तिने दुसऱ्या कुणासाठी लिहिलेलीच नव्हती. विसरू नये म्हणून स्वतःलाच सांगून ठेवलं होतं, आणि स्वतःला कोण कप कोणता ते सांगतं?

गेल्या वर्षी माझी मुलगी ती वही घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. ‘बाबा, एकशे अकरा कप मैदा?’ तिने ते दंड आकडे म्हणून वाचले होते. मग आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि मी तिला तो जुना हिशेब शिकवला. आकड्यापुढे एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १। सव्वा, १।। दीड, १।।। पावणेदोन. आकडा नसेल आणि नुसते तीन दंड असतील तर पाऊण. तिला ते इतकं आवडलं की दिवसभर ती स्वतःचं वय १२।। असं लिहीत होती. त्या दिवशी आम्ही केक केला आणि तो नेहमीसारखाच झाला.

नेहमीसारखा म्हणजे गेली अकरा वर्षं होत आला तसा. वरून फाटलेला, आतून दाट, आणि दुसऱ्या दिवशी सुरी लावली की भुगा होणारा. वाईट नव्हता. चहाबरोबर संध्याकाळपर्यंत निम्मा संपायचा. पण तो आपला केक नव्हता, आणि हे मला पहिल्या घासालाच कळायचं.

आई गेल्यावर वही माझ्याकडे आली, तेव्हापासून माझी ही खटपट चालू होती. आधी लोण्यावर संशय घेतला. लोणी फार घट्ट असलं तर फेटलं जात नाही आणि फार मऊ झालं तर त्यात हवा टिकत नाही. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा पण बोट आत शिरू नये, इतपत हवं. आई तेवढंच बघायची, आणि मीही तेवढंच बघत होतो. मग हाताने फेटण्याऐवजी यंत्राने फेटून पाहिलं. शेवटी ओव्हनवर घसरलो. घरातला ओव्हन खरा आहे की खोटा, हे तपासायची एक सोपी रीत आहे. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते. एका छोट्या ताटलीत चमचाभर साखर घालायची आणि तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवायची. काटा १७५ वर असताना साखर तशीच राहायला हवी, १९० वर असताना तिचं पाणी व्हायला हवं. एका रात्री सगळे झोपल्यावर मी हा प्रयोग केला. १७५ ला साखर कोरडी ठणठणीत, १९० ला पातळ सोनेरी. ओव्हन खरा निघाला. आता माझ्या हाताशिवाय दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

आईकडे तर काटाही नव्हता. आमचा तेव्हाचा ओव्हन म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं गोल, बसकं भांडं. तापायची तार त्याच्या झाकणात आणि झाकणाच्या मध्यावर गोल काच. कळ दाबली की चालू, उचलली की बंद. तो तापला की नाही, हे आई चिमूटभर मैद्यावरून ओळखायची. ताटलीत मैदा भुरभुरवून आत ठेवायची. तो सावकाश बदामी झाला तर ठीक, चटकन करपला तर कळ बंद करून थोडं थांबायचं. तापमापक घरात येण्याआधी जगभरच्या भट्ट्यांपुढे लोकांनी पिढ्यान् पिढ्या हेच केलं. मैदा टाकून बघितला, पांढरा कागद ठेवून बघितला, नाहीतर आत हात धरून तो किती वेळ सोसतो ते मोजलं.

रविवारी दुपारी जेवणं झाली, भांडी आवरली की केक. प्रत्येकाचं काम ठरलेलं. ताई मैदा आणि बेकिंग पावडर एकत्र करून तीनदा चाळायची, वर्तमानपत्राचा मोठा कागद पसरून. मी केकच्या डब्याला आतून लोणी लावायचो आणि वर मैदा भुरभुरवून डबा फिरवत राहायचो, पांढरा थर सगळीकडे बसेपर्यंत. वडील लोणी आणि साखर फेटायचे. पातेलं मांडीत धरून, लाकडी चमच्याने, वीस-वीस मिनिटं. पिवळं लोणी हळूहळू फिकट होत जायचं, वजनाला हलकं दिसायला लागायचं, साखरेची करकर कमी व्हायची. ‘झालं का?’ असं ते विचारायचे आणि आई पातेल्यात न बघताच ‘अजून नाही’ म्हणायची. ती आवाजावरून ओळखत होती.

त्या वीस मिनिटांचं महत्त्व मला फार उशिरा, वाचताना कळलं. साखरेचे कण लोण्यातून ओढले जातात तेव्हा त्यांच्या धारदार कडा मागे हवेचे बारीक बुडबुडे सोडत जातात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे तयार करत नाही. तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड आधीपासून असलेल्या बुडबुड्यांतच शिरतो आणि त्यांना फुगवतो. म्हणजे केक फुलायचा तो वडिलांनी मांडीत बसून भरलेल्या हवेवर. डब्यातल्या पावडरीने फक्त ती हवा मोठी केली. वडिलांना हे मी सांगू शकलो असतो तर त्यांना फार बरं वाटलं असतं, कारण केक चांगला झाला की सगळे आईचं कौतुक करायचे आणि ते गप्प बसून कडेचा तुकडा खायचे.

आणि ती पावडरसुद्धा एका घरातूनच आली आहे. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती आणि यीस्टही सोसत नव्हतं. तिच्यासाठी त्याने १८३७ मध्ये अंड्याशिवायचं कस्टर्ड आणि १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर तयार केली. बायकोला आपल्याबरोबर बसून खाता यावं, एवढ्यासाठी एक माणूस दुकानाच्या मागे खलबत्ता घेऊन बसला. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

व्हॅनिला घालायची पाळी मात्र एकदा ताईची, एकदा माझी. हे सगळ्यात मानाचं काम. बाटलीचं झाकण काठोकाठ भरायचं, न सांडता पातेल्यापर्यंत न्यायचं आणि एकदम उपडं करायचं. नंतर रिकामं झाकण ज्याची पाळी त्याचं. मी ते शर्टाच्या खिशात ठेवायचो आणि संध्याकाळपर्यंत मधूनमधून नाकाशी धरायचो.

आमच्या बाटलीतला वास नक्कीच कारखान्यातला असणार. व्हॅनिलाच्या वासामागचं मुख्य द्रव्य, व्हॅनिलिन, १८७४ मध्ये जर्मनीत प्रयोगशाळेत तयार झालं आणि तो वास साध्यासुध्या घरांपर्यंत पोचला. पण खऱ्या शेंगेची गोष्ट मी मुलीला त्या दिवशी सांगितली, कारण तिचं वय १२।। होतं. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोच्या बाजूची वेल. ती दूरदूरच्या बेटांवर नेऊन लावली, वाढली, फुलली, पण शेंग धरेना. तिचं फूल एकच दिवस उमलतं आणि आतला पातळ पडदा परागकणांना आड येतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड नावाचा बारा वर्षांचा मुलगा होता, गुलाम म्हणून जन्मलेला. १८४१ मध्ये त्याने एक बारीक काडी घेऊन तो पडदा उचलला आणि अंगठ्याने पराग आत दाबला. फुलाला शेंग धरली. मग त्याला मळ्यामळ्यांतून फिरवलं गेलं, इतरांना हाताची ती हालचाल शिकवायला. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा त्याला अल्बियस हे आडनाव मिळालं. त्याच्यामुळे लोक श्रीमंत झाले, तो मात्र १८८० मध्ये गरिबीतच गेला. आजही व्हॅनिलाची फुलं एकेक करून हातानेच फळवावी लागतात, काडी आणि अंगठा वापरून, त्याने दाखवलं तशीच.

मुलगी बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत होती. मग तिने काडेपेटीतली काडी घेऊन हवेतच ती हालचाल करून पाहिली.

आता त्या कपाचं सांगायला हवं.

आमच्याकडे सहा कपबश्यांचा एक संच होता. पांढरे कप, काठाला निळी रेघ. मी सात वर्षांचा असताना डब्याला लोणी लावून झाल्यावर हात न पुसताच त्यातला एक कप उचलला आणि तो निसटला. फुटला नाही. फक्त कान तुटला, मुळापासून, आणि अंगावर दोन खरबरीत पांढरे ठिपके राहिले. मी रडायला लागलो. आईने कप उचलला, काठावरून बोट फिरवून कुठे चीर नाही ना ते पाहिलं, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाली, ‘चहाचा गेला, मैद्याचा झाला.’ आणि तो मैद्याच्या डब्यात टाकून दिला. तेवढ्यावर तो विषय संपला. कान तुटल्याबद्दल मला नंतर कधी कुणी बोललं नाही.

संचातले बाकीचे पाच कप पुढच्या काही वर्षांत एकामागून एक गेले. ते रोज बाहेर यायचे, धुतले जायचे, पाहुण्यांपुढे जायचे, म्हणून फुटले. कुणाचा टवका उडाला, कुणी मोरीत आपटला. हा एकटा मैद्यात रुतून बसला म्हणून राहिला.

आई गेल्यावर ताईने आणि मी घर आवरलं. तीन दिवस लागले. वाटणी अशी काही झालीच नाही. ज्याचा हात ज्या वस्तूवर थांबला ती त्याची. तिने विणकामाची पिशवी घेतली, मी वही घेतली. डबे कुणालाच नको होते, पण टाकवतही नव्हते, तेव्हा ताई म्हणाली, ‘डबे मी नेते, माझ्याकडे जागा आहे.’ मैद्याचा डबा झाकण न उघडताच तिच्या घरी गेला. कपाची आठवण दोघांनाही झाली नाही. घर आवरताना मोठ्या वस्तूंना माणूस घाबरत असतो. कपाट कुठे ठेवायचं, पलंगाचं काय करायचं. ज्यांच्याविषयी काहीच ठरवावं लागत नाही अशा वस्तू दुसऱ्या वस्तूंच्या पोटात बसून निघून जातात.

गेल्या महिन्यात मी ताईकडे गेलो होतो. ती नातवाच्या शाळेतल्या चिकटकामासाठी मैद्याची खळ करत होती. डब्याचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि मैद्याने माखलेला कप वर काढला. निळी रेघ जवळजवळ पुसली गेली होती. मी तो कप ओळखला त्या दोन ठिपक्यांवरून. ते आता पांढरे आणि खरबरीत राहिले नव्हते. अंगठा टेकून टेकून गुळगुळीत, पिवळसर झाले होते.

‘हा अजून आहे?’ मी विचारलं.

‘कुठे जाईल?’ ताई म्हणाली. ‘डब्यात होता, डब्यातच आहे.’

मी मैदा पुसला आणि कप हातात धरून उभा राहिलो. माझ्या आठवणीपेक्षा तो किती लहान होता! सात वर्षांच्या हाताने धरलेला कप मोठाच असणार. मग माझ्या तोंडून निघालं, ‘ताई, वहीत कप लिहिलंय तो हा असेल का गं?’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘म्हणजे काय? दुसरा कुठला असणार? तू इतकी वर्षं कशाने मोजत होतास?’

मी इतकी वर्षं स्टीलच्या मोजमापाच्या कपाने मोजत होतो, २४० मिलिलिटरच्या. ताईला वाटत होतं की मीच कृती बदलली आहे, मला तसा केक आवडतो, म्हणून ती प्रत्येक वेळी छान झालाय म्हणून खात होती. तिच्याकडे कप होता आणि कृती नव्हती. माझ्याकडे कृती होती आणि कप नव्हता. अकरा वर्षं!

तिथेच, खळीचं पातेलं गॅसवर ठेवून, आम्ही वजनकाटा काढला. कपात काठोकाठ पाणी भरलं आणि वजन केलं. १८० ग्रॅम, म्हणजे १८० मिलिलिटर. खरं तर कप म्हणजे किती, यावर जगातही एकमत नाही. अमेरिकेत तो सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २५०, जपानमध्ये २००. तरीही मला इतकी वर्षं वाटत होतं की कप छोटा असो की मोठा, काय बिघडतं? सगळंच त्याच प्रमाणात कमी-जास्त होईल. पण अंडी कपाने मोजत नाहीत. अंडी तीन म्हणजे तीनच. बेकिंग पावडरही चमच्याने मोजायची. माझ्या स्टीलच्या कपाने मैदा, साखर, लोणी सगळं एक तृतीयांशाने वाढत होतं आणि अंडी तेवढीच राहत होती. केक दाट होणारच. आत ओलावा कमी, फुलायला पावडर कमी, आणि जास्तीचं पीठ त्याच डब्यात, म्हणून मध्यभाग शिजेपर्यंत वरचा पापुद्रा कडक होऊन फाटणार.

मग आम्ही सगळं वजन करून पाहिलं, आईच्या कपाने. दीड कप मैदा १४३ ग्रॅम. सपाट कप साखर १५१. पाऊण कप लोणी १२९. तीन अंडी, कवचाशिवाय, १४८. मी आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्यांच्याकडे बघून अंगावर काटा आला. चारही जवळजवळ सारखेच होते.

हा तर पाउंड केक. मैदा, साखर, लोणी, अंडी, प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. इतका सोपा की ज्याला वाचता येत नाही त्यालाही पाठ व्हावा. फ्रेंच लोक त्यालाच ‘चार चतुर्थांश’ म्हणतात. आईला हे नाव माहीत असण्याची काही शक्यता नाही. तिच्याकडे वजनकाटा नव्हता. त्या कान तुटलेल्या कपाने, रविवारमागून रविवार, कधी थोडं जास्त कधी थोडं कमी घालून ती स्वतःच तिथे पोचली असणार. लोणी तेवढं जरा हात राखून, कारण ते महाग पडायचं. वही मला नेहमी ढोबळ वाटत आली होती; वाटायचं, आईची माया आहे, पण माप नाही. माप होतं. अगदी ग्रॅमपर्यंत होतं. त्याचं एकक मैद्याच्या डब्यात पडलं होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी आम्ही ताईकडे केक केला. मी, माझी मुलगी, ताई आणि तिचा सहा वर्षांचा नातू. ताईने विणकामाच्या पिशवीतून एक स्टीलची सुई काढली. जोडीतली दुसरी कधीच हरवली आहे. आई त्या सुईने दोन कामं करायची. कप भरला की काठावरून सुई सरकवून वरचा ढीग खाली पाडायची, तेच ते ‘सपाट’. आणि केक झाला की नाही ते बघायला तीच सुई मध्यभागी खुपसायची. १८९६ मध्ये अमेरिकेत फॅनी फार्मर या शिक्षिकेने आपल्या पुस्तकात कप आणि चमचे सपाटच भरायचे असा आग्रह धरला, तोपर्यंत तिथल्या कृतींमध्ये ‘अक्रोडाएवढं लोणी’ अशी मापं चालायची. आईच्या वहीत तोच आग्रह आहे, फक्त दोन ठिकाणी, साखरेला आणि बेकिंग पावडरीला. मैद्याला तिने सपाट लिहिलेलं नाही. तो चाळलेला असायचा, तो सुईखाली आपोआप सपाट व्हायचा. हे मला ताईने सांगितलं.

नातवाने डब्याला लोणी लावलं. मुलीने फेटलं, हात दुखेपर्यंत. मध्ये ती ‘झालं का?’ म्हणाली आणि ताई ओट्याशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, ‘अजून नाही.’ मला पातेलं टेबलावर ठेवून जरा बाहेर जावं लागलं.

पातेलं चाटायचं मात्र आम्ही मुलांना दिलं नाही. कच्ची अंडी आणि कच्चा मैदा, दोन्हींत जंतू असू शकतात, हे आता माहीत आहे. आम्ही लहानपणी बोटांनी निपटून खायचो. माहीत झाल्यावर ते सुख गेलं, आणि जायलाच हवं होतं, पण मला त्याची हळहळ वाटते.

केक आत गेल्यावर मी घड्याळ लावायला गेलो तर ताईने हात धरला. ‘वास आला की बघणे,’ ती म्हणाली. आम्ही ओव्हनसमोर खुर्च्या ओढून बसलो. मी तिला सांगितलं की तेही आईने अगदी नेमकं लिहिलंय. केकच्या पृष्ठभागावर पाणी असतं तोवर तो शंभर अंशांच्या वर जात नाही. पाणी उडून गेलं की पापुद्रा तापत जातो, आणि १४० अंशांच्या आसपास त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांशी झटून तपकिरी होऊ लागतात. लुई-कामिय माइयार या फ्रेंच माणसाने १९१२ मध्ये ही क्रिया पहिल्यांदा नीट मांडली, म्हणून तिला त्याचं नाव आहे. पावाचा, केकचा, भाजलेल्या कशाचाही तो वास तिथून येतो. म्हणजे वास आला याचा अर्थ वरचा पापुद्रा तयार झाला आणि उष्णता आत पोचायला लागली. त्याच्या आधी झाकण उघडलं तर केक बसणार, आणि वास येऊन फार वेळ गेला तर करपणार. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आता गप्प बस, नाहीतर वास आलेला कळायचा नाही.’

वास आला. नातवाला आधी आला. ताईने सुई खुपसली, बाहेर काढली, उजेडात धरली. सुई कोरडी होती.

केक वरून फाटला नव्हता. मधोमध थोडा फुगीर, कडेने मऊ तपकिरी. अर्धा तास थांबून कापला. ताईने कडेचा तुकडा न विचारता माझ्यापुढे ठेवला. वडील गेल्यापासून तो कुणी मागितला नव्हता. मी घास घेतला आणि ताईकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

मुलीने एक घास खाल्ला, मग दुसरा. ‘चांगला आहे,’ ती म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, ‘पण आपला नाहीये.’

मी विचारलं, म्हणजे कसा?

‘आपला वरून फाटतो,’ ती म्हणाली. ‘त्या फटीतला कुरकुरीत भाग मी आधी काढून खाते. आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चुरा दुधात घालून खायचा असतो. याचा चुराच होणार नाही.’

मी काही बोलू शकलो नाही. तिला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात तोच केक झाला आहे, २४० मिलिलिटरच्या स्टीलच्या कपाचा. तिला आठवणारे सगळे वाढदिवस त्याच केकवर झालेत. ताई हसली नाही. तिने मुलीला जवळ ओढलं आणि म्हणाली, ‘मग तो लिहून ठेव बाई. वही तुझ्या बाबांची आहे, पानं भरपूर आहेत.’

घरी आल्यावर मुलीने वही मागितली. मी पेन दिलं. आईच्या पानासमोरचं पान कोरं होतं. तिथे तिने आपल्या गोल अक्षरात लिहिलं, ‘आपला केक, फाटणारा’. मैदा १।। कप, दंड जपून, सरळ उभे. साखर १ कप, लोणी ।।। कप, अंडी ३. मग तिने मान वर करून विचारलं की तिने कप कोणता तेही लिहिलं तर चालेल का, आणि मी हो म्हटल्यावर लिहिलं, ‘कप स्टीलचा, ओट्याखालच्या दुसऱ्या खणातला.’ शेवटच्या ओळीसाठी ती थांबली नाही. समोरच्या पानावरून जशीच्या तशी उतरवून घेतली.

कान तुटलेला कप ताईकडेच आहे, डब्यात. मुलीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात आहे आणि तिच्या पानावर अजून एकही डाग नाही.